मामांच्या गाडीतली बोलकी माणसं

मामांनी एकतीस वर्षं नगरपालिकेची शववाहिनी चालवली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकाही प्रवाशाची तक्रार आली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना हसत नसत. वेग ताशी वीस. ब्रेक असा, की मागच्या फुलाची पाकळी हलू नये. हॉर्न त्यांनी कधी वाजवलाच नव्हता. त्यांची गाडी दिसली की रस्ता आपोआप मोकळा होई आणि दुकानदार उठून माना खाली घालून उभे राहत.

निवृत्त होऊन हा माणूस घरी बसला आणि मामींच्या नाकी नऊ आले. बाजारात मामा त्यांच्या मागून इतक्या गंभीर चेहऱ्यानं चालत, की ओळखीच्या बायका मामींना बाजूला घेऊन विचारत, "कोण गेलं हो?" घरातलं दार लावायचं तर आवाज न करता. चहा मागायचा तर कुजबुजत. शेवटी एक दिवस मामी कडाडल्या, "अहो, मी अजून जिवंत आहे! जरा मोठ्यानं बोला!"

मामी गावातल्या सेवा क्लबाच्या सभासद होत्या. क्लबाची खोली एका लाँड्रीच्या वर होती, त्यामुळे सगळे ठराव इस्त्रीच्या वाफेत घामाघूम होऊन पास होत. त्या वर्षी क्लबानं एक जुनी व्हॅन मिळवली होती. हातावर पोट असलेल्या घरांतली सात मुलं होती. कुणाच्या पायात जोर नव्हता, कुणाचा हात वळत नव्हता. त्यांना आठवड्यातून दोनदा गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यायाम केंद्रात न्यायचं होतं. आईबापांना काम सोडून जाणं शक्य नव्हतं. व्हॅन होती, केंद्रात वेळ मिळाली होती, ड्रायव्हर तेवढा मिळत नव्हता.

"आमचे हे चालवतील," मामी म्हणाल्या.

क्लबाच्या अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. समोरच्यानं आ करून गप्प बसावं, याची त्यांना सवय. त्यांनी विचारलं, "प्रवासी नेण्याचा अनुभव आहे?"

"एकतीस वर्षांचा," मामी म्हणाल्या. "परतीचे प्रवासी मात्र नसायचे."

ठराव पास झाला. मामांना तो संध्याकाळी कळला.

पहिल्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर झाले. मुलांना एकेक करून अलगद गाडीत बसवलं, पट्टे लावले, तीन वेळा तपासले. मग गाडी सुरू केली आणि ती नेहमीच्या वेगानं निघाली. दोन चौक गेले असतील नसतील, तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, थांबवा ना!"

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकतीस वर्षांत मागून कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी कचकन ब्रेक दाबला, दार उघडलं, उडी मारली आणि फुटपाथवर जाऊन छातीवर हात ठेवून उभे राहिले.

गाडीच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. "मला शू लागलीये," ते डोकं म्हणालं. "तुम्हाला काय झालं?"

ती बारा वर्षांची होती, दोन्ही पायांना पट्ट्या बांधलेली. तोंड मात्र असं चालायचं, की मुलांनी तिचं नाव कंडक्टरीण ठेवलं होतं.

पुढे बाजारपेठ लागली. मामांचा चेहरा सगळ्या बाजाराला पाठ. गाडी पांढरी, वेग वीस, चाकामागे मामा! एकेक दुकानदार उठला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"मामा, हे लोक का उभे राहतात?" कंडक्टरणीनं विचारलं.

"मान देतात," मामा पुटपुटले.

"आपल्याला?"

मामांनी नुसता आरसा सरळ केला. त्याचा अर्थ मुलांनी आपल्या सोयीनं लावला आणि सातही जणं खिडक्यांतून हात हलवू लागली. किराणा दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी हळूच मान वर केली, शववाहिनीतून आपल्याला टाटा होतोय असं पाहिलं आणि मटकन खाली बसले.

केंद्रावर पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. तिथल्या व्यायामबाई हातातल्या घड्याळाकडे बघत दारातच उभ्या होत्या. पुढच्या खेपेला पस्तीस मिनिटं उशीर झाला. त्या दिवशी एका सायकलवाल्यानं व्हॅनला मागे टाकलं होतं. मग चौकातल्या गर्दीत बाळाची गाडी ढकलत निघालेल्या एका आजींनी टाकलं आणि जाताना वळून आतल्या मुलांची विचारपूसही केली होती.

व्यायामबाई म्हणाल्या, "अजून एकदा उशीर झाला, तर ही वेळ दुसऱ्या मुलांना देणार. अकरा जणं वाट बघताहेत."

संध्याकाळी अध्यक्षबाई घरी आल्या. त्यांनी फार गोड शब्दांत सुरुवात केली, तेव्हाच मामांनी ओळखलं, की आता दात निघणार.

"मामा, तुमची दगदग होतेय. दुसरा कुणी बघू या का?"

"बघा," मामा कुजबुजले आणि आत गेले. जेवले नाहीत. मामींनी दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकलं.

अध्यक्षबाईंना दुसरा ड्रायव्हर मिळाला, पण तो पुढच्या आठवड्यापासून येणार होता. मधली एक खेप मामांच्याच गळ्यात पडली. ते उतरलेल्या चेहऱ्यानं मुलांना बसवू लागले, तर कंडक्टरीण मागे बसेचना. "मी पुढे बसणार."

"का गं?"

"तुम्ही इतकं हळू का चालवता ते बघायचंय."

मामांनी तिला पुढे बसवलं, पट्टा लावला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "हे बघ बाळ, माझ्या माणसांना घाई नसायची."

"आम्हाला आहे," ती म्हणाली. "आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. सोळा पायऱ्या. शाळा उघडायच्या आत मला त्या चढता आल्या पाहिजेत. नाहीतर आई म्हणते, घरी बस."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मग गाडी काढली आणि दुसरा गिअर टाकला.

"तिसरा," कंडक्टरीण म्हणाली.

तिसरा पडला. मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. समोर एक टेम्पो आडवा उभा होता.

"हॉर्न!"

मामांनी हॉर्नवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग डोळे मिटून दाबला. टेम्पो बाजूला झाला. त्याच्या शेजारून जाताना मामांनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "माफ करा हं, काम होतं म्हणून वाजवला."

सगळं छान चाललं होतं. पुलावर मात्र घोडं अडलं. पुढे शववाहिनी होती. मामांचीच जुनी गाडी, मामांनीच तयार केलेला ड्रायव्हर, वेग वीस. तिच्यामागे मामा आपोआप वीसवर आले. घड्याळात बारा मिनिटं उरली होती.

"मामा, रस्ता रिकामा आहे," कंडक्टरीण हळूच म्हणाली.

"हिला ओलांडून जात नाहीत, बाळ."

या वेळी कुणी हट्ट केला नाही. मागचा गलका कुणी न सांगता थांबला होता. दहा मिनिटं उरली. मामांच्या कपाळावरून घाम ओघळला.

पुढच्या ड्रायव्हरनं आरशात पाहिलं असावं. त्याचा हात खिडकीतून बाहेर आला आणि दोनदा हलला. जा, पुढे जा. मामा उजवीकडे आले. गाड्या शेजारी आल्या, तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मागे सहा डोकी खाली झाली होती.

"मामा," कंडक्टरीणही मान खाली घालूनच म्हणाली, "तुम्ही समोर बघा."

केंद्रावर पोचले तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती आणि दाराला कुलूप होतं. सगळे ओट्यावर रांगेनं बसले. व्यायामबाई धापा टाकत आल्या, त्या पंधरा मिनिटांनी. त्यांची बस चुकली होती.

मामा उठून उभे राहिले आणि अदबीनं बाजूला झाले. कंडक्टरीण मात्र अदबीच्या वाटेला गेली नाही. "बाई," ती म्हणाली, "अकरा जणं वाट बघताहेत."

व्यायामबाईंनी ओठ दाबून ठेवले, पण हसू फुटलंच. त्या दिवशी त्यांनी पंधरा मिनिटं जास्त व्यायाम घेतला. दुसऱ्या ड्रायव्हरला अध्यक्षबाईंनी निरोप धाडला, की येऊ नकोस.

शाळा उघडायच्या सुमारास एक गोंधळ झाला. अध्यक्षबाईंनी परस्पर शाळेला पत्र लिहिलं आणि शाळेनं आठवीचा वर्ग तळमजल्यावर आणला. क्लबात, दातांना बरी म्हणून, पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली गेली. कंडक्टरणीला हे कळलं, तेव्हा ती एवढी संतापली, की गाडीत चौथा गिअर पडेपर्यंत बोललीच नाही.

"इतके महिने घाम गाळला, तो खाली बसायला?"

"अगं, सोय झाली ना," मामा म्हणाले. आता ते बरेच मोठ्यानं बोलत.

"मी वर जाणार. वर ग्रंथालय आहे."

शाळेच्या पहिल्या दिवशी तिची आई कामावर होती, म्हणून मामाच तिला घेऊन गेले. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागली. मामा दोन पायऱ्या मागे, दोन्ही हात पसरून, पडली तर झेलायच्या तयारीत. श्वास रोखून. नवव्या पायरीवर त्यांना भोवळ आली.

तिनं मागे वळून पाहिलं आणि कठडा न सोडता खाली बसली.

"या, बसा इथं," शेजारची जागा हातानं झाडत ती म्हणाली. "श्वास सोडा आधी. व्यायामबाईंनी एवढं शिकवलं, तुम्ही कधी लक्षच दिलं नाहीत."