छत्तीस दात की नव्वद

मास्तरांचा भांग डावीकडून उजवीकडे गेला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एकवीस वर्षं मी त्यांना स्टोअरच्या खिडकीतून बघत होते. तेवढ्या काळात केस विरळ झाले, पांढरे झाले, पण भांगाने जागा सोडली नव्हती. एका सोमवारी तो उजव्या बाजूला निघाला, आणि तोही शाळेतल्या पोराने पट्टीशिवाय रेघ मारावी तसा. मी मनात म्हटलं, म्हातारचळ. आणि स्टोअरच्या वहीतली खालची ओळ भरायला घेतली.

मी बसगाड्यांच्या वर्कशॉपमधली स्टोअरबाई. खिडकीच्या मागे माझी खुर्ची, खुर्चीच्या मागे भिंतभर खिळे आणि खिळ्यांवर हत्यारं. ज्याला जे हवं ते त्याने न्यावं आणि त्या खिळ्यावर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवून जावं. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. या बिल्ल्यांमुळे कोण काय काम करतो, कोण काम केल्यासारखं दाखवतो आणि कोण कुणाचं हत्यार दडपून ठेवतो, हे मला जागेवरून न हलता कळतं. मास्तरांचा बिल्ला चौदा नंबरचा.

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले नव्हेत. आमच्या इथे जो मेकॅनिक येतो, त्याला पहिल्या दिवशी ते एकच धडा देतात: कुठलाही नट असो, पहिले तीन आटे बोटांनी फिरवायचे. बोटांनी फिरला तर नट सरळ बसलाय. हत्यार लावायचं ते चौथ्या आट्यापासून. हा धडा न पाळणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नसत. तेवढ्यावरून मास्तर हे नाव पडलं, आणि आता पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं तर मलाही क्षणभर कळत नाही की हा माणूस कोण.

त्यांच्या समोरच्या दोन दातांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. विशीत असताना एक जुनी रॅचेट जोराच्या भरात घसरली, दांडा तोंडावर बसला आणि दोन दात गाडीखालच्या खड्ड्यात पडले. तेव्हापासून ते दोन नकली आहेत, आणि तेव्हापासून मास्तरांचं रॅचेटबद्दल एक मत आहे. ज्याने रॅचेट कधी हातात धरली नसेल त्याच्यासाठी सांगते. एक दांडा, त्याच्या डोक्यात दातेरी चक्र. पुढे सॉकेट लावायचं, म्हणजे आमच्या भाषेत गोटी. दांडा एका बाजूला ओढला की चक्र धरतं आणि नट फिरतो. उलट नेला की नुसती कटकट वाजते आणि नट जागेवर राहतो. म्हणजे दर वेळी पाना काढून पुन्हा लावायला नको. चक्राला दात कमी असले तर ते मोठे आणि मजबूत असतात, पण पुढचा दात पकडायला हात लांबवर मागे न्यावा लागतो. दात जास्त असले तर हात जरासा हलला तरी पुरतो, पण दात बारीक. मास्तरांचं म्हणणं, दात मोठा हवा. बारीक दातांची रॅचेट ही घड्याळजीने वापरावी.

गेल्या वर्षी वर्कशॉपसाठी नवीन संच घ्यायचे ठरले. दोन कंपन्यांचे नमुने आले. एका रॅचेटची मूठ लाल, आत नव्वद दात. दुसरी नुसती पोलादी, खरबरीत मुठीची, छत्तीस दातांची. साहेबांनी दोन्ही मास्तरांच्या हवाली केल्या. म्हणाले, महिनाभर वापरा, तुलना करा आणि लेखी मत द्या. मास्तरांचं लिखापढीचं काम नेहमी मीच करते, कारण त्यांच्या अक्षरापुढे मुंगीचे पाय बरे.

गोट्यांचा निकाल दोन दिवसांत लागला. लाल संचातल्या गोट्या आतून बारा कोनी होत्या. नटावर पटकन बसायच्या, पण झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकायच्या. पोलादी संचातल्या सहा कोनी. बसवायला जरा वेळ लागायचा, पण धरलं की नटाच्या अंगाला धरायच्या. मास्तर गोटी सुट्या नटावर बसवत आणि नट धरून उलटी करत. आपोआप पडली तर सैल, झटकूनही निघाली नाही तर घट्ट. पोलादी गोटी उलटी धरल्यावर थांबे आणि बोटाने ओढली की निघे. शिवाय तिच्यावरचे आकडे मोठे, तेलकट बोटांनी चाचपले तरी कळणारे. मी लिहून घेतलं. रॅचेटबद्दल मात्र ते म्हणाले, थांबा.

थांबले. आणि खिळे बघत राहिले. रोज सकाळी मास्तर लाल रॅचेट नेत. पोलादी आठवड्यातून एखाद्या वेळी. सोबत रॅचेट आणि गोटीच्या मधे लावायचा लांब जोडदांडा नेत, तो पूर्वी कधी नेत नसत. मग खड्ड्यात उभं राहायला बॅटरीचं रिकामं खोकं मागून नेलं. ज्या खड्ड्यात तीस वर्षं उभे राहून ते डोक्यावरच्या गाडीची कामं करत आले, त्यात त्यांना अचानक खोकं कशाला? मी विचारलं तर म्हणाले, खड्डा खोल झालाय. सिमेंटचा खड्डा. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण हा माणूस त्यात अगदीच कच्चा होता.

बाकीच्यांनी बघितलं ते एवढंच, की मास्तर लाल रॅचेट सोडत नाहीत. तीस वर्षं मोठ्या दाताचं गुणगान करणारा माणूस पालटला, म्हणजे त्या लाल मुठीत काहीतरी जादू असणार. महिना संपायच्या आत सगळ्या फ्लोअरला लालच हवी होती. सर्वांत पुढे पैलवान. हा आमचा चाकांचा मेकॅनिक, छाती दरवाज्याएवढी आणि आवाज भोंग्याएवढा.

मला खरं कळलं ते पडद्यांमुळे. मास्तरांच्या घरी वहिनी शिवणकाम करतात. माझे पडदे लांबीला जास्त झाले होते, ते दुमडून घ्यायला मी सुट्टीच्या सकाळी त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीपाशी शिलाई मशीन, दार उघडंच. मास्तर बुटक्या स्टुलावर पाठमोरे बसले होते आणि वहिनी त्यांना सदरा घालत होत्या. आधी उजवा हात बाहीत सरकवला, हळूहळू, लहान मुलाला घालतात तसा. मग बाकीचा सदरा पाठीवरून फिरवून डावा. बटणं लावून झाल्यावर त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिघेही पडद्यांबद्दल बोललो.

वहिनी मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. खांदा चार महिन्यांपासून गोठलाय म्हणाल्या. हात छातीच्या वर जात नाही, केसही डाव्या हाताने विंचरतात. डॉक्टर म्हणतो व्यायाम करा, सुटेल, पण वर्ष-दीड वर्ष धरून चाला. वर्कशॉपमध्ये कळलं तर तपासणी होणार आणि हलक्या कामाचा कागद हातात येणार. एकदा खड्ड्याबाहेर काढलेला माणूस परत खड्ड्यात गेलेला आमच्या इथे कुणी पाहिलेला नाही. वहिनींचा आवाज तोवर सरळ होता. मग म्हणाल्या, "बाई, कुणाला बोलू नका. त्यांना दुसरं काही येत नाही हो. घरी बसले तर मला शिलाई शिकवायला लागतील." आम्ही दोघी हसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

म्हणजे लाल रॅचेट ही मास्तरांची कुबडी होती. छत्तीस दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला दहा अंश हात फिरवावा लागतो, नव्वद दातांच्या रॅचेटला चार. दहा आणि चार यांच्यामधल्या त्या सहा अंशांत त्यांची नोकरी अडकली होती. मला वाटलं, छानच झालं. सगळ्यांना लाल हवी, मास्तरांनाही लाल हवी. त्यांनी सही केली की झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मास्तरांना शेवटची चाचणी करायची होती. जेवणाच्या सुट्टीत फ्लोअर रिकामा असताना त्यांनी मला बाकापाशी बोलावलं. शिकंज्यात एक जाड बोल्ट आवळून ठेवला होता. दोन्ही रॅचेट त्यांनी झाडून काढलेल्या धुळीत आणि जुन्या तेलात घोळल्या होत्या, कारण आमच्याकडे हत्यारं अशीच राहतात. मग जोर वाढावा म्हणून दांड्यावर लोखंडी पाइप चढवला. दांड्याला पाइप घालून जोर लावू नये हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, आणि खड्ड्यात सगळेच तो घालतात. मास्तर म्हणाले, "तुम्ही ओढा." मी स्टोअरबाई, माझ्या अंगात वजन आहे, हे जगजाहीर आहे. मी काही न विचारता ओढलं.

पोलादी चाळीस वेळा ओढली. एकदाही घसरली नाही. लाल ओढायला घेतली, एकतिसाव्या वेळी काडकन आवाज झाला आणि मी पाइपसकट बाकावर आदळले. कोपर सोलवटलं. मास्तरांनी मला उठवलं, डाव्या हाताने. रॅचेट उघडून बघितली. दात तुटला नव्हता, बारीक खडा अडकून चक्र घसरलं होतं. साफ करून, पुन्हा धुळीत घोळून मी आणखी चाळीस वेळा ओढली. या खेपेला ती विसाव्या वेळीच घसरली.

मी कोपराला चिंधी बांधत म्हटलं, हे लिहायलाच हवं असं नाही. सत्तरेक वेळा ओढली, त्यात दोनदा. साफ ठेवली तर तेवढंही नाही. आणि फ्लोअरला तीच हवी आहे. मास्तर लाल मुठीवरचं तेल पुसत राहिले.

"वाईट नाही ती," ते म्हणाले. "बारीक कामाला उत्तम आहे. पण हे लोक तिने चाकाचे नट सोडवणार."

मी म्हटलं, "मला माहीत आहे, मास्तर. खांद्याचं."

"भांगावरून?"

"पडद्यांवरून."

त्यांनी मान हलवली. "मग लिहा. दोनदा घसरली, असं लिहा."

मी लिहिलं. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. सचोटी दाखवायला आयुष्यात इतर दिवस कमी होते का, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी, मास्तर आणि फ्लोअरतर्फे पैलवान. साहेबांनी टिपण वाचलं. पोलादी घ्यावी, असं मत. पैलवान लगेच उसळला. त्याचं म्हणणं, चाचणी-बिचणी ठीक आहे, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला. मास्तर स्वतः महिनाभर लाल रॅचेटच वापरतायत. आम्हालाही डोळे आहेत. स्वतःला चांगली आणि आम्हाला जुन्या वळणाची, हा कुठला न्याय?

साहेबांनी टिपण खाली ठेवलं. "प्रश्न बरोबर आहे, मास्तर. तुम्ही का वापरलीत?"

कुठलंही उत्तर चाललं असतं. चाचणीसाठी वापरली, म्हटलं असतं तरी साहेबांनी मान डोलावली असती. पण मग पैलवान खाली जाऊन सांगणार, म्हातारा लपवतोय, लालच चांगली. आणि खरेदीच्या कागदावर फ्लोअरचा जोर मास्तरांच्या जोरापेक्षा मोठा होता. मी माझ्या कोपराकडे बघत बसले.

मास्तर खुर्चीवरून उठले. म्हणाले, "हात वर करतो." आणि उजवा हात उचलायला लागले. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. तोंड पिळवटलं, कपाळावर घाम आला, पण हात तसूभरही पुढे गेला नाही. सगळ्यांना नीट दिसेपर्यंत त्यांनी तो तिथेच धरून ठेवला.

"एवढाच जातो. म्हणून लाल वापरली. तुमचे हात वर जातात, तुम्ही पोलादी घ्या."

पैलवानाने खाली बघितलं. साहेबांनी पाणी मागवलं.

पोलादी संच आले. मास्तर खड्ड्यातून बाहेर आले. तपासणी झाली, कागद निघाला आणि हलकं काम म्हणून त्यांना माझ्याच खिडकीत बसवलं. दोन महिने झाले. गोट्या कशा लावायच्या यावरून आमचं रोज भांडण होतं. परत आलेली प्रत्येक रॅचेट ते उलटी फिरवून बघतात आणि खडा निघाला की नेणाऱ्याला परत बोलावतात. सकाळी वहिनी भांग पाडून देतात, त्यामुळे तो पुन्हा डावीकडे आहे. मधूनच ते खड्ड्याकडे बघत राहतात. तेव्हा मी वही भरायला घेते.

लाल रॅचेट कंपनीने परत मागितली नाही. मास्तरांनी ती शेवटच्या खिळ्यावर टांगली आणि खाली त्यांच्या त्या अक्षरात चिठ्ठी लावली: ‘ज्याचा खांदा दुखतो त्याने न्यावी. पाइप घालू नये.’ मी म्हटलं, तुमच्याखेरीज कोण नेणार? ते म्हणाले, राहू दे.

तीन आठवडे तिला कुणी हात लावला नाही. गेल्या मंगळवारी चहाच्या सुट्टीत, खिडकीपाशी कुणी नसताना पैलवान आला. मागे वळून बघितलं. मग बिल्ला खिडकीच्या फळीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेवटची द्या." त्याचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मास्तरांनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने रॅचेट काढली, कापडाने पुसली, कानाशी दोनदा फिरवली आणि त्याला दिली.

"कधीपासून?"

"खांद्याचं दिवाळं निघून दोन वर्षं झाली," पैलवान म्हणाला.

"पाइप नको घालूस."

"नाही घालत."

तो गेला. मास्तरांनी त्याचा बिल्ला खिळ्याला अडकवला, नंबर आतल्या बाजूला करून.