सॅटरथ्वेट गावाला फोन

जलाल बाणकोटकर पहिल्या भेटीत डोक्यात जातो. समोरचा माणूस कोणीही असो, नाव विचारायच्या आधी हा विचारणार, "गाव कुठला?" बंगाली झाडूवाला असो, मिसरी डॉक्टर असो, गाडी अडवणारा पोलीस असो. एकदा इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या ऑफिसात खिडकीतल्या सौदी साहेबालाही ह्यानं मोडक्या अरबीत तेच विचारलं. मी बाजूला उभा राहून घाम पुसत होतो. साहेबानं मान वर केली, हसला आणि ताइफजवळच्या आपल्या गावाबद्दल, तिथल्या गुलाबांबद्दल बोलत बसला. मागे रांग ताटकळली, पण आमचं काम झालं.

रियाधजवळच्या अल खर्जच्या एका डेअरीत आम्ही दोघं नोकरीला आहोत. गाईंच्या शेडमधले पंखे आणि पाण्याचे फवारे चालू ठेवणं हे माझं काम. जलाल वासरांच्या शेडमध्ये. मी धोपाव्याचा, तो दाभोळचा. मध्ये फक्त खाडी आणि त्यावरची फेरीबोट, पण तिकडे आमची तोंडओळखसुद्धा नव्हती. इथे कंपनीनं एकाच खोलीत टाकलं आणि तेव्हापासून मी त्याचं घोरणं ऐकतोय.

वासरांच्या बाबतीत मात्र मी त्याला मानतो. नुकतं जन्मलेलं वासरू बादलीतलं दूध पीत नाही, त्याला मान वर करून प्यायची सवय. जलाल बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात देतो, ते चोखायला लागलं की हात हळूहळू खाली, बादलीत नेतो. बाकीचे लोक मुंडकं दाबतात. ह्याला घाई कधी नसतेच. सगळं कोकणीत बोलणं चालू, आणि ती परदेशी जातीची वासरं कान हलवत ऐकतात.

त्याचा दुसरा उद्योग म्हणजे विमानतळ. कोकणातलं कोणीही रियाधला उतरणार असलं की जलाल तिथे हजर. हातात खुबूसच्या रोट्या आणि ताकासारख्या लबनच्या बाटल्यांची पिशवी. ह्याला कारण आहे. तो पहिल्यांदा आला तेव्हा एजंटचा माणूस न्यायला आलाच नाही. भाषा येत नाही, फोन नाही, दिवसभर हा ट्रंकेवर बसून राहिला. शेवटी रियाधच्याच अल मलाझ भागात राहणारा कादिर नावाचा एक श्रीवर्धनचा टॅक्सीवाला जवळ आला आणि त्यानं विचारलं, "गाव कुठला रे तुझा?" जलाल सांगतो, तो प्रश्न ऐकून मी लहान पोरासारखा रडलो. कादिरनं घरी नेलं, जेवू घातलं. तेव्हापासून ह्यानं मनाशी पक्कं केलं की आपल्या माहितीतला माणूस विमानतळाच्या दारातून बाहेर आला आणि समोर त्याचं म्हणून कोणी उभं नाही, असं होता कामा नये. आमच्याकडे एक माणूस आखातातून यायचा असला की जीपभर माणसं आणायला जातात, त्यातली निम्मी उलटी करतात, पण जातात.

तर ह्या वर्षी पीटर सॅटरथ्वेट जायचा होता.

पीटर आमच्या गाईंच्या कळपाचा मुख्य. इंग्रज, उंच, पाठीत थोडा वाकलेला, बोलायला अगदी कंजूष. लग्न केलेलं नाही. सुट्टीत इंग्लंडला जायचा तोही आता कित्येक वर्षांत गेला नव्हता. जलालनं फार पूर्वीच त्याला गाव विचारलं होतं. पीटर म्हणाला होता, माझं आडनाव हेच गावाचं नाव आहे. इंग्लंडच्या उत्तरेला डोंगरात. जुन्या भाषेत त्याचा अर्थ, उन्हाळ्यात गुरं चरायला वर नेतात तिथल्या झोपड्यापाशी रान तोडून मोकळी केलेली जागा. एवढं सलग बोललेला पीटर मी पुन्हा पाहिला नाही.

जलाल तर हरखूनच गेला. "अरे मंग तू आमच्यातलाच! गावाचं नाव लावणारा. मी बाणकोटकर, तू गोठेकर!" मग त्यानं पीटरला आमच्या आडनावांची सगळी गंमत समजावली. दाभोळचा तो दाभोळकर, पार गावचा तो पारकर, पुढे 'कर' लावलं की झालं. त्या दिवसापासून वासरांच्या शेडमध्ये पीटरला हाक "मिस्टर गोठेकर" अशीच. आणि पीटरही वळून बघायचा.

आता त्याचं वय झालं होतं. कंपनीनं करार वाढवला नाही, करार संपला की इकामा संपला आणि इकामा संपला की खलास. सामान बांधायला सांगितलं. जलालनं विचारलं, "तिकडे न्यायला कोण येणार?" पीटर म्हणाला, "कोणी नाही. टॅक्सी करेन. प्रेस्टनला एक खोली भाड्यानं घेतली आहे."

जलाल खोलीवर आला तो बूट न काढताच बसला. "कोणी नाय मंजे काय? गाव हाय ना त्याचा? गावात जमात असेल. त्यांना कळवलंच नसंल ह्या येड्यानं. रत्ना, गावाला फोन लाव."

मी म्हटलं, "गावाला फोन लाव म्हणजे? गावाला काय रिसीव्हर असतो?"

पण तो ऐकतोय कुठला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून आला आणि माझ्यासमोर बसला. मी मोबाइलवर शोधलं. गाव खरंच निघालं, इवलंसं, झाडांत बुडालेलं. चर्चचा फोन लावला तर कोणी उचलेना. मग गावात एक खाण्याचं ठिकाण दिसलं, तो नंबर लावला. तिथे खाण्यापेक्षा पिणं जास्त चालतं हे मी जलालला सांगितलं नाही. जुम्म्याच्या दिवशी दारूच्या गुत्त्यावर फोन केल्याचं कळलं असतं तर त्यानं मला खोलीबाहेर झोपवलं असतं.

एका बाईनं उचलला. जलालनं सलाम ठोकला आणि आपल्या इंग्रजीत सुरू केलं, "मॅडम, मी सौदीतून बोलतो. तुमचा माणूस येतोय. पीटर सॅटरथ्वेट. पुढच्या शनिवारी मँचेस्टरला उतरतो. न्यायला गाडी पाठवा."

बाई गोंधळली. कसलं बुकिंग हवंय का, असं विचारायला लागली. मग मी फोन घेतला आणि नीट सांगितलं. ती हसली, पण चांगलं हसली. म्हणाली, "अहो, माझ्या माहितीत तरी ह्या नावाचं गावात कोणी नाही. आणि असेल कसं? इथून उठून कोणी दुसरीकडे राहायला गेला की तिकडचे लोक म्हणायचे, हा सॅटरथ्वेटचा. इथेच राहणाऱ्याला तसं कोण कशाला म्हणेल? इथे तर सगळेच सॅटरथ्वेटचे. ह्या नावाचे लोक तुम्हांला लँकशरमध्ये मिळतील, यॉर्कशरमध्ये मिळतील, अमेरिकेत मिळतील. मागच्या महिन्यातच अमेरिकेहून एक कुटुंब आलं होतं, गावाच्या पाटीसोबत फोटो काढून गेलं. तुमच्या मित्राला सांगा, इकडे आला तर चहा माझ्याकडून. पण न्यायला पाठवू कोणाला?"

तिला गिऱ्हाइकं होती. तिनं फोन ठेवला.

जलाल जेवला नाही. शुक्रवारची माझ्या हातची कोलंबीची खिचडी, आणि हा माणूस ताटाकडे बघत बसला. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता. मी म्हटलं, "तुझं डोकं कधी चालतं का रे? तू बाणकोटकर ना? बाणकोटात तुझं कोण आहे?"

"कोण नाय. आमी दाभोळचे. आज्याच्याही आज्यानं सोडला बाणकोट."

"राहिलायस कधी तिथे?"

"एकदा किल्ला बघायला गेलेलो. शाळेची सहल."

"मग उद्या बाणकोटात कोणी फोन केला की तुमचा जलाल येतोय, गाडी पाठवा, तर कोण येईल?"

मग त्यालाच हसू आलं, आणि हसता हसता त्याचा चेहरा पडला. "खरं हाय. पण मला न्यायला दाभोळची येतील ना. त्याचा दाभोळ कुठला?"

हा प्रश्न त्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन पीटरलाच विचारला. मी पंख्याचा पट्टा बदलत तिथेच होतो. "मिस्टर गोठेकर, तुझा दाभोळ कुठला?" पीटरला कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला की आईवडील गेले, मी एकुलता, त्या आडनावाच्या गावी मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही. कडेच्या वासराचा कान चोळत म्हणाला, "खर्जच असेल बहुतेक. आणखी कुठे मी इतका राहिलोच नाही."

ते वाक्य मला फार लागलं. ज्या एका गावाला तो आपलं म्हणत होता तिथूनच त्याला जायचं होतं.

जलालनं मग त्याच्या चुलतभावाच्या मुलीला, अस्माला फोन केला. ती ब्लॅकबर्नला असते. तिचा आजा दाभोळहून मोंबासाला गेला, बाप मोंबासाहून ब्लॅकबर्नला. बाणकोटकर असेच पसरलेत, केपटाउनला आहेत, दार-ए-सलामला आहेत, मालवणात कोणीतरी निघाला म्हणे, नाहीत ते फक्त बाणकोटात.

"अस्मा, बेटा, आपला माणूस येतोय शनिवारी, दुपारच्या विमानानं. मँचेस्टरला. घ्यायला जा."

"अपना कौन, चाचा? नाम क्या है?"

"सॅटरथ्वेट."

मग ती इंग्रजीत म्हणाली, "चाचा, तो आपला कसा?"

"तो खर्जचा हाय," जलाल म्हणाला. "गावाबाहेर पडतोय आता पहिल्यांदा."

तिला शनिवारी कामावर जायचं होतं, पोरीचा क्लास होता, गाडी नवऱ्याकडे. ती "बघते" म्हणाली. आमच्याकडच्या "बघते"चा अर्थ आम्हांला ठाऊक आहे. जलालनं पुन्हा फोन केला नाही. म्हणाला, ओढून आणलेला माणूस दारात उभा राहिला काय आणि नाही राहिला काय, सारखंच.

रियाधच्या विमानतळावर सोडायला आम्ही दोघं गेलो. जलालनं खुबूस आणि खजुराची पिशवी दिली, पीटरनं ती दोन्ही हातांनी घेतली. गळाभेट घ्यायची त्याला सवय नव्हती. जलालनं घेतली तेव्हा तो ताठ उभा राहिला आणि मग ह्याच्या पाठीवर थापटत राहिला, थांबायचं कसं ते त्याला कळेना. अस्माबद्दल जलालनं त्याला काही सांगितलं नव्हतं. न येणाऱ्याची वाट बघायला लावणं ह्याला सगळ्यात वाईट वाटतं.

विमान उतरायची वेळ झाली तेव्हा आमच्याकडे वासरांच्या दुधाची संध्याकाळची पाळी होती. जलालनं मोबाइल बाकावर ठेवला होता. बोट दुधात, नजर बाकावर. मी माझं काम सोडून तिथेच रेंगाळत होतो. मोबाइल गप्प. सामान यायला वेळ लागतो, मी म्हटलं. वासरू त्याचं बोट सोडून ढुशा देऊ लागलं तरी त्याचं लक्ष नाही. मी मनात अस्माला चार शिव्या हासडल्या, मग स्वतःलाही, की त्या बाईला फोन लावून दिलाच कशाला.

मग मोबाइल वाजला. अस्माचा फोटो. जलालचे हात ओले, म्हणून मीच उघडला आणि त्याच्यापुढे धरला.

अस्मा, तिचा नवरा, तिची पोर, डोक्यावर ओढणी घेतलेली एक म्हातारी आणि मला न ओळखता येणारी आणखी बरीच बाणकोटकर मंडळी. जीपभर होती. मध्ये पीटर, हातात ती खजुराची पिशवी तशीच. पोरीनं पुठ्ठ्याची पाटी धरली होती. चाचाच्या तोंडून अस्माला ते इंग्रजी आडनाव नीट कळलं नसावं, किंवा चाचाचं बोलणं तिनं जसंच्या तसं घेतलं असावं. पाटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, खर्जकर.

खाली तिनं लिहिलं होतं, "चाचा, हे आधी आम्हांला ओलांडून पुढे गेले. मग थांबले, मागे वळले, पाटी पुन्हा वाचली आणि म्हणाले, तो मीच."

जलालनं फोटो दोनदा मोठा करून बघायला लावला. पीटर रडत होता. जलालही. मी पंखा बघायचं निमित्त करून शिडीवर चढलो आणि मला जमेल तितका वेळ वरच थांबलो.