समोर असेल तो मोठा

नानामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळात चष्म्याच्या दुकानात, आरशापुढे, कोणत्या फ्रेममध्ये आपण विद्वान दिसतो ते तपासत होतो. "भाऊ, नाना गेले," एवढंच पलीकडून मामेभाऊ म्हणाला. मी फ्रेम उतरवली... ज्या माणसानं मला आयुष्यभर बघायला शिकवलं (त्याच्या मते फुकट), तो गेल्यावर समोरचा आरसाही धड दिसेना.

नाना राळेगावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक. उन्हाळ्यात आम्ही भाचरं त्यांच्या गावी जायचो, तेव्हा जेवणानंतर ते पानं सुटलेलं एक जाडजूड पुस्तक उघडत. युरोपातल्या प्रबोधनकाळातली चित्रं. आंब्यांच्या आढीवर डोळा ठेवून आम्ही ऐकायचो. "हे पहिलेचं पाहा. देव ताडाएवढा, राजा त्याच्या कमरेले, बाकीचे लोकं पायापाशी, मुंगळे. मांगं सारं सोनं फासेल. अन् आता हे पाहा." पान उलटलं की देवाची आई शेजारच्या काकूसारखी, मांडीवरचं पोर हातपाय झाडणारं, मागे खरीखुरी टेकडी. "आता समोर हाय तो मोठा, दूर हाय तो लहान. मंग तो राजा असो का पाणक्या. चित्रं नाही बदलले गड्या, माणसाची किंमत बदलली." मी विचारलं होतं, "मग देवाला राग नाही आला?" नाना म्हणाले, "देवाले कायले येते? ज्याईनं चित्राले पैसे देल्ले, त्याईले येते." तेव्हाच्या शेठ लोकांनाही चित्रात यायचंच असायचं, ते सांगत, पण निदान कोपऱ्यात, गुडघे टेकून.

निवृत्तीनंतर त्यांनी गावच्या मारुतीच्या सभामंडपातली लांब भिंत मागून घेतली आणि तिच्यावर भंडाऱ्याची पंगत रंगवली. चेहरे सगळे गावातले. मीही होतो, पत्रावळीवर ओणवा, पोट अगदी खऱ्या मापाचं. मी तक्रार केली तर म्हणाले, "समोर बसला तं दिसनच, भाचेबुवा." सगळ्यात पुढे, म्हणून सगळ्यात मोठी, वरणाची बादली घेऊन वाकलेली पार्बताबाई. आणि पंगतीच्या पार टोकाला, बोटाच्या पेराएवढे, देवस्थान समितीचे अध्यक्ष.

अध्यक्ष भिंतीला नाक लावून स्वतःला शोधत होते, ते मी पाहिलंय. "मास्तर, मी तं दिसूनच नाही राह्यलो!"

"तुम्ही दूर बसले ना साहेब. समोर या, बादली धरा, मोठे काढतो."

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. पण गोष्ट मापाची नव्हतीच, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणी नव्हतं. पार्बताबाईनं भंडाऱ्यात कधी वाढलंच नव्हतं. तिच्या जातीच्या बायका मंडपामागे हौदाशी राखेनं भांडी घासायच्या. वाढणारे हात ठरलेल्या घरांचे. नानांनी तिला भिंतीवर पंगतीत आणली आणि बाहेर काढायला नकार दिला. "तेवढी एक बाई बदला," असे निरोप वर्षानुवर्षं येत राहिले. नाना म्हणत, "आज चित्रात वाढते, उद्या खरंच वाढन. तिकडं युरोपात बी असंच झालं. पहिले डोळ्याले सवय होते, मंग मनाले."

त्यावर त्यांचा खरोखर विश्वास होता... तेच आता मला सहन होत नाही.

नाना दवाखान्यात असताना समितीनं त्या भिंतीवर चकचकीत टाईल्स बसवल्या. कारण दिलं, ओल धरते. कुणीतरी त्यांना सांगितलंच. शेवटच्या भेटीत ते छताकडे बघत पडले होते. मी उगाच म्हटलं, "नाना, आत चित्र तसंच असेल." "असन," ते म्हणाले. "पण कोनाले दिसत नाही ते चित्र नसते. ती भित असते."

चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. वरच्या रांगेत पुढाऱ्यांचे परातीएवढे चेहरे, त्याखाली अध्यक्ष, मध्ये नाना, गालावरचा मस पुसून गुळगुळीत केलेले. तळाला आम्ही शोकाकुल, हात जोडून. ज्याचा जेवढा हुद्दा तेवढं त्याचं तोंड. आणि मी त्यात आधी कुणाला शोधलं? स्वतःला. खालच्या कोपऱ्यात सापडलो, आणि क्षणभर वाटून गेलं... इतका लहान?

तेरवी त्याच सभामंडपात झाली. वाढायला माणसं कमी पडली तेव्हा मी मागे हौदाशी गेलो. पार्बताबाई कढई घासत होती. म्हटलं, "बाई, हात धुवा, वाढायला चला. नानांची तेरवी आहे." मंडपाच्या मागच्या दारातले दोघंतिघं वळून आमच्याकडे बघायला लागले.

तिनं मान वर केली नाही. "नाही भाऊ. ते भित उघडी होती तवा मी येता-जाता पाहो तिकडं. वाटे, एखांद्या साली बलावतीन... नाही बलावलं. मास्तर गेले, त्याईच्यासंगं मी बी गेली."

"मी बोलावतोय ना."

"तुम्ही उद्या यवतमाळले जासान. मले इथंच राहा लागते."

तिनं मूठभर राख घेतली आणि कढईच्या बुडाला लावली. मी दाराकडे वळलो. दारातल्यांनी वाट दिली, "या, बसा भाऊ, पंगत खोळंबली." मी आत जाऊन बसलो. वरण आलं, ठरलेल्या घरच्या हातानं. मी भात कालवला.