पिस्तूल साहेबांचं

तोंड डांबरावर. गाल भाजत होता. पाठीवर पोलिसाचा गुडघा, आणि मानेला मागून काहीतरी कडक टेकलेलं. ती बंदुकीची नळी आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मी ओरडत होतो, "सर, ड्रायव्हर! सर, ड्रायव्हर!" दुसरा शब्द सुचत नव्हता. स्वतःचं नावसुद्धा नाही.

गाडीची मागची काच अर्धी खाली. आत एसी चालू. साहेब मागच्या सीटवर बसलेले, मांडीवर फोन. पिस्तूल त्यांचं. पिस्तुलाचा परवाना त्यांच्या पाकिटात. एक वाक्य बोलले असते तर मी उठून उभा राहिलो असतो.

ते बोलले नाहीत. बघत राहिले.

झालं होतं असं. मआमीरच्या बाजूला कारखान्यांच्या रस्त्यावर पोलिसांची तपासणी लागली होती. नेहमीची. भर दुपार. आमची गाडी थांबवली. पोरगेलासा पोलीस, नुकता नोकरीला लागलेला असावा. त्याने गाडीचे कागद मागितले. कागद पुढच्या दोन सीटांमधल्या कप्प्यात असतात. मी झाकण उघडलं, हात आत घातला. कागदांवर पिस्तूल होतं.

साहेब पिस्तूल बाळगतात हे मला माहीत होतं. शर्टाखाली, कमरेला. मीना सलमान बंदरातल्या त्यांच्या गोदामात एकदा चोरी झाली, तेव्हापासून. इथे आखातात असा परवाना मिळणं सोपं नाही. पण साहेबांचे आजोबा पुण्याहून इथे आले, साहेबांचा पासपोर्ट इथलाच, ओळखी मोठ्या. कसा मिळाला हे मी विचारायचं नसतं. त्या दिवशी कमरेला टोचत होतं म्हणून ते त्यांनी काढून कप्प्यात टाकलं होतं. कधी टाकलं, मला पत्ता नाही; मी गाडीबाहेर असताना असेल.

पोलिसाला काय दिसलं? एक काळा ड्रायव्हर. कप्प्यात हात. हाताखाली पिस्तूल.

"ईदक! ईदक!" तो किंचाळला. हात, हात! त्याचा आवाज फाटला होता. मला खेचून बाहेर काढलं आणि भुईवर आपटलं. दुसरा धावत आला. आणि मी, बायकोपोरं असलेला माणूस, तिथेच मुतलो. पॅन्टीत. पसरत गेलेलं मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

मग कधीतरी दार उघडलं. साहेब उतरले, सावकाश, शर्ट नीट करत. पाकिटातून कार्ड काढलं. अरबीत बोलले. पोलिसांचे आवाज खाली आले. पाठीवरचा गुडघा उठला.

त्या पोरगेल्या पोलिसाने साहेबांना विचारलं, "लेश मा गिल्त?" का नाही सांगितलंत? इतकं अरबी मला येतं.

साहेब हसले. म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत.

पोलिसाने मला हाताला धरून उठवलं. त्याच्या गाडीतली पाण्याची बाटली त्याने मला दिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "रफीक, मैं मार देता. एकदम मार देता." रफीक म्हणजे दोस्त, इथे आम्हा कामगारांना असंच हाक मारतात. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांच्या नव्हतं.

मी गाडीकडे वळलो तर साहेब म्हणाले, "थांब. असा नको बसूस. लेदर आहे."

डिकीतून प्लास्टिकची पिशवी काढायला लावली. ती फाडून सीटवर पसरली, त्यावर मी बसलो. गाडी चालू केली. रस्त्याने साहेबांनी काच खाली केली. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन, तरी काच खाली. "वास येतोय रे," म्हणाले. मग कोणालातरी फोन लावला आणि हसत हसत सगळं सांगितलं. माझ्या डोक्यामागे बसून. मराठीत.

मी सिग्नलला थांबत होतो, इंडिकेटर देत होतो.

त्यानंतर झल्लाकला पार्टी झाली. समुद्राकाठचं रिसॉर्ट, हिरवळ, दिवाळीचे कंदील. साहेबांच्या ओळखीची मराठी मंडळी. बँकेतले, इंजिनियर, अकाउंटवाले, त्यांच्या बायका. ड्रायव्हर लोक बाहेर गाड्यांपाशी बसतात. मला आत बोलावणं आलं. वाटलं, डिकीतून काही आणायचं असेल.

"हाच तो," साहेब म्हणाले. सगळे वळून बघायला लागले. गोष्ट आधीच सांगून झाली होती. चेहऱ्यांवरून दिसत होतं.

एक बाई होत्या, चष्मा लावलेल्या. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही पोलिसाला आधीच सांगायचं ना. गाडीत शस्त्र आहे म्हणून. सांगायला काय हरकत होती?"

"का सांगू?" साहेब म्हणाले. "मी काय चोर आहे? परवाना सरकारने दिलाय. उद्या म्हणाल, छातीवर बिल्ला लावून फिरा."

बँकेतले एकजण म्हणाले, "बरोबर आहे. सांगितलं की पोलीस उलट बिथरतो."

"आणि लपवून ठेवायचाच तर परवाना आहे," तिसरा म्हणाला. "सगळ्यांना सांगत सुटलं तर उपयोग काय?"

"मानाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "आपण होऊन कबुली द्यायची? कुठल्याशा पोऱ्या पोलिसापुढे?"

मी तिथे उभा होतो. हात मागे बांधून. माझ्या शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. गळ्यात कंपनीचं कार्ड, त्यावर माझा फोटो. गोदामात पाऊल टाकलं की अंगात चमकणारं जाकीट घालायचं, नाहीतर वॉचमन आत सोडत नाही. मी कोण आहे ते लांबून दिसलं पाहिजे. त्यात कोणाला मानाचा प्रश्न दिसत नाही.

आमची वाडी खेड तालुक्यातली, गावाबाहेरची. आजा सांगायचा, त्याच्या बापाला वरच्या आळीतून जाताना लांबूनच हाक देत जावं लागायचं. आम्ही येतोय, बाजूला व्हा. त्यांना विटाळ होऊ नये म्हणून. काय होतं त्याच्याजवळ? खांद्यावर घोंगडी आणि पोटात भूक. तरी त्याने सांगत जायचं. आणि ज्याच्या कमरेला भरलेलं पिस्तूल, त्याने सांगितलं तर त्याचा मान जातो.

हे मला तिथे हिरवळीवर उभं असताना समजलं. एकदम, लख्ख. आणि समजूनही मी गप्प उभा राहिलो.

त्या चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "पण याला गोळी लागली असती तर?"

"लागली नाही ना? हा काय समोर उभा आहे." साहेब माझ्याकडे वळले. "दाखव रे. कसा पडला होतास ते दाखव."

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो.

"हसतोस काय? पड ना. तोंड खाली. ते काय ओरडत होतास? सर ड्रायव्हर, सर ड्रायव्हर."

मी पडलो.

हिरवळ ओली होती. मी पोटावर झोपलो, हात डोक्यामागे घेतले. "ओरड," साहेब म्हणाले. मी ओरडलो. खूप हसले सगळे. त्या चष्म्याच्या बाई उठून गेल्या. गेल्या, पण काही बोलल्या नाहीत. कोणाचा तरी मोबाईल माझ्या डोक्यावर धरलेला होता, त्याचा उजेड गवतावर पडला होता.

"मुतायचं राहिलं," साहेब म्हणाले. पुन्हा हसू.

मग मला प्लेट भरून जेवण दिलं. मी ते बाहेर नेऊन गाडीमागे वाळूत उपडं केलं.

तो व्हिडिओ फिरला. साहेब लोकांच्या ग्रुपवरून त्यांच्या ड्रायव्हरांकडे, ड्रायव्हरांकडून गावाकडे. आमच्या भागातले किती तरी इथे गाड्या चालवतात. बायकोचा फोन आला. आधी सगळं नेहमीचं बोलली. पोरीचं कॉलेज, आईचा गुडघा. मग थांबली.

"तुमी भुईवर का झोपला होतात?"

मी म्हणालो, मस्करी चालली होती.

"कोणाची?" ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच मग म्हणाली, "पोरीने बघितलंय. दोन दिवस जेवली नाय नीट." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी एकदा साहेबांशी बोललो. गाडीत. खूप दिवस वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. "साहेब, पुढे कधी पोलीस दिसले तर आधी सांगाल का, पिस्तूल आहे म्हणून? पुढे मी असतो. पहिला हात माझा दिसतो."

आरशात साहेबांचे डोळे वर आले. "तू मला शिकवणार? तुला तो आरसा मागच्या गाड्या बघायला दिलाय. माझं तोंड बघायला नाही."

मी आरसा सरळ केला. बरं झालं, म्हटलं. विचारून झालं.

पुढची तपासणी लागली ती मीना सलमानच्या जवळ, सकाळी. गोदामाकडे चाललो होतो. पुढे ट्रकांची रांग, मग आम्ही. साहेबांच्या शर्टाखाली उजव्या बाजूला फुगवटा होता. मी दार उघडून देताना बघितला होता.

रांग पुढे सरकत होती. आमची पाळी आली. मी एसी बंद केला. चारही काचा खाली केल्या. गाडीचं इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वर, बोटं पसरून.

"काय करतोस?" साहेब म्हणाले.

पोलीस खिडकीशी आला. हा वयाने मोठा होता, मिशीत पांढरं. त्याने लायसन्स मागितलं.

मी म्हणालो, "सर, गाडीत पिस्तूल आहे. मागे साहेबांकडे, कमरेला. त्यांच्याकडे परवाना आहे. माझ्याकडे काही नाही. माझं लायसन्स शर्टाच्या खिशात आहे. तुम्ही सांगाल तेव्हा हात खाली घेईन." अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत. शब्द अडखळत होते. पण प्रत्येक शब्द बाहेर आला.

पोलिसाने मान हलवली. "झेन," म्हणाला. छान. मागे जाऊन त्याने साहेबांना विनंती केली. शांतपणे. उतरा, हात गाडीच्या टपावर ठेवा. साहेबांनी मोठमोठी नावं घेतली. पोलीस म्हणाला, हो सर, हात टपावर. त्याने पिस्तूल काढून घेतलं, परवाना तपासला, कोणालातरी फोन करून खात्री केली, पिस्तूल परत दिलं. कोणी ओरडलं नाही. कोणी पडलं नाही. मी लायसन्स दाखवलं आणि आम्ही निघालो. इतकंच लागतं. इतक्यासाठी माझा गाल भाजला होता.

गाडीत साहेब म्हणाले, "ट्रकवाल्यांच्या समोर मला हात टेकायला लावलेस."

"मी फक्त खरं सांगितलं, साहेब."

"तुझी जात जात नाही," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच आलं. इतकी वर्षं आतच होतं. मी गाडी कडेला घेतली. किल्ली काढली, त्यांच्या शेजारी सीटवर ठेवली आणि खाली उतरलो. बंदराकडचे ट्रक धूळ उडवत जात होते. मी त्या धुळीतून खोलीवर चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. साहेब खुर्चीत, मी उभा. म्हणाले, त्याच मंडळींसमोर झल्लाकला माफी माग, नाहीतर व्हिसा कॅन्सल. मी म्हणालो, कॅन्सल करा.

"घरी काय खाणार?"

"ते माझं मी बघीन. माफी नाही मागणार."

साहेबांनी व्हिसा कॅन्सल केला. मला चुगलखोर म्हणून सगळीकडे कळवलं. खोलीतले माझ्याच तालुक्याचे लोक माझ्याशी बोलेनात. एकजण म्हणाला, तुझ्यापायी आपल्या माणसांना आता कोण ड्रायव्हर ठेवेल? मी त्याला विचारलं, तुझ्या मालकाकडे आहे का पिस्तूल? तो म्हणाला, मला काय माहीत. मी म्हणालो, मग आजच विचार. तो उठून बाहेर गेला.

बायकोला सगळं सांगितलं. मुतलो तेही. ती रडली नाही. पोरीकडे फोन दिला. पोरीला मीच सांगितलं, त्या व्हिडिओत होतो तो मीच आणि पोलिसाला बोललो तोही मीच.

देश सोडायची मुदत संपायच्या आत मला मआमीरच्या एका गॅरेजवाल्याने पिकअप चालवायला घेतलं. पगार कमी. नवा मालक समोर बसला होता, चहा पीत. मी बसायच्या आधीच सांगितलं, तुमच्याकडे, तुमच्या भावाकडे, गाडीत बसणाऱ्या कोणाकडेही हत्यार असेल तर मला आधी सांगायचं. आणि पोलीस दिसला की त्याला तुम्ही सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार. परवाना असो, ओळख असो, मान असो.

तो हसला. मला वेड लागलंय असं वाटलं असेल त्याला.

मी हसलो नाही. आता यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याच्या हातात मारायची ताकद आहे त्याने आधी बोलायचं. त्याच्या गप्प बसण्याची किंमत माझ्या मानेने द्यायची नाही. नोकरी जाईल, पुन्हा व्हिसा जाईल, इथून हाकलून देतील. हाकला. विमानात बसेपर्यंत मी प्रत्येक पोलिसाला सांगत जाईन, कोणाच्या शर्टाखाली काय आहे ते.