साहेबबाई आणि एकतीस जून

१९५८ सालच्या उन्हाळ्यात टायपिंगच्या परीक्षेत लालबागच्या आमच्या क्लासातली सगळ्यांत हुशार मुलगी, सुलोचना कांबळे, नापास झाली. तिला शिकवणाऱ्या बाईंना आम्ही साहेबबाई म्हणत असू. बाईंनी शिकवलेले तिने नको इतके मनावर घेतले म्हणून ती नापास झाली, असे क्लासातल्या बहुतेकांचे मत होते.

क्लास एका खाणावळीच्या वर होता. मालक अण्णा मशिने दुरुस्त करत आणि निकालाकडे लक्ष ठेवत. शिकणारे आम्ही बहुतेक गिरणी कामगारांची मुले. कुठल्यातरी कचेरीत टेबल मिळावे, एवढीच इच्छा. आसपासच्या क्लासांत एकच उतारा बोटे दुखेपर्यंत बडवून घेत आणि मुले पास होत. आमच्याकडे बाई होत्या.

बाई वर्गात आल्या की खुर्ची उलटी फिरवून बसत आणि कचेरीतला साहेब होत. मजकूर सांगता सांगता मध्येच थांबत, डस्टर कानाला लावून फोनवर कोणाला तरी झापत आणि मग विचारत, "हां, कुठे होतो आपण?" सांगता आले नाही की पत्र पहिल्यापासून. "साहेबाला आठवत नसतं," त्या म्हणत. "आठवत असतं तर तुम्हाला पगार कशाला दिला असता?" साहेबही रोज वेगळा. एक दिवस सर्दी झालेला, एक दिवस तोंडात पान धरून बोलणारा, एक दिवस घरून भांडून आलेला. भांडून आलेल्या साहेबाचे पत्र तीनदा फाडले जाई.

करी रोडचा बबन राणे एकदा वैतागून म्हणाला, "बाई, साहेब नंतर बघू. आधी स्पीड द्या ना."

"स्पीड मी देऊ? माझं काय दुकान आहे?"

"मग फी कशाची घेतात अण्णा?"

"ते अण्णांना विचार. चल, कागद लाव."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. खालच्या रस्त्यावरून मोर्चा गेला की वर मशिनचा आवाज ऐकू येत नसे. आम्ही खिडक्या लावायला उठायचो आणि बाई आम्हाला खाली बसवायच्या. "साहेबाच्या कचेरीखालूनही मोर्चा जाणार आहे. तेव्हा तो काय पत्र थांबवेल?" घोषणांमधून त्यांचा मजकूर पकडताना अर्ध्या ओळी सुटत. निम्म्या वर्गाला खरे तर खाली मोर्चात जायचे असे. आमची दोन्ही कामे बुडत.

पुस्तकातली पत्रे त्यांना आवडत नसत. एका चाळीच्या नळाला पाणी येत नव्हते, तर तिथल्या रहिवाशांचा अर्ज आम्हाला टाइप करायला दिला आणि सांगितले, "नळाला पाणी आलं की पत्र पास." पाणी येईना. अर्ज आम्ही पुन्हा पुन्हा लिहिला. कधी नम्रपणे, कधी करड्या शब्दांत, कधी शेजारच्या चाळीच्या सह्या जोडून. शेवटी पाणी आले. पण त्या सगळ्या काळात आमचा वेग होता तिथेच राहिला, आणि अण्णांनी भिंतीवर परीक्षेची तारीख लाल पेन्सिलीने लिहून ठेवली.

बाईंची सर्वांत जास्त त्रास देणारी सवय वेगळी होती. मजकूर सांगताना त्या मुद्दाम चुकत. वारच चुकीचा सांगत, एकच वाक्य दोनदा सांगत, चार माणसांची नावे घेऊन "या तिघांना" म्हणत. जो सांगितले तसे टाइप करी त्याचा कागद परत. "साहेब चुकला तरी कागद चुकता कामा नये," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. आम्ही यावरून कुरकुरत असू. सुलोचना कुरकुरत नसे. ती मान न वळवता चूक दुरुस्त करी आणि पुढे जाई. वर्गात हे तिच्याइतके कोणालाच जमले नाही.

सुलोचना नायगावच्या बीडीडी चाळीतली. वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. दोन वर्षांपूर्वी घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि मुलीने कचेरीत काम करावे याला वडिलांची ना नव्हती. पण त्यांनी एकाच परीक्षेची मुभा दिली होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर साताऱ्याकडचे स्थळ तयार होते. हे तिने वर्गात सगळ्यांना सांगितले होते आणि बाईंनाही.

परीक्षा देऊन ती थेट क्लासात आली. चेहरा फुललेला होता.

"बाई, पेपरातल्या पत्रात तारीख एकतीस जून होती. मी तीस केली. आणि एक अख्खं वाक्य दोनदा छापलं होतं, ते मी एकदाच घेतलं."

"शाबास," बाई म्हणाल्या.

मशिनचा रोलर पुसत असलेले अण्णा थांबले. "सुलोचना, पेपरवर काय लिहिलं होतं? जसंच्या तसं टाइप करा, असंच ना?"

"हो. पण जूनला एकतीस तारीख नसते, अण्णा."

अण्णा पुन्हा रोलर पुसू लागले. बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ परत घातला नाही. निकाल लागला तेव्हा वाक्य गाळल्याबद्दल त्यातल्या प्रत्येक शब्दाची चूक धरलेली होती. बबन राणे, जो वर्गात सांगतील ते डोळे मिटून बडवायचा, तो पास झाला.

बाई परीक्षेच्या कचेरीत जाऊन भांडल्या. तिथल्या कारकुनाने त्यांना नियम वाचून दाखवला. परत येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "नियम बरोबर आहे. मी तो वर्गात सांगितला नव्हता."

मग त्यांनी नायगावला जायचे ठरवले. बाई तिथे काय बोलतील याची अण्णांना खातरी नव्हती, म्हणून त्यांनी मला बरोबर पाठवले. सुलोचनाच्या वडिलांनी आम्हाला खाटेवर बसवले, चहा दिला आणि सरळ विचारले, "बाई, तुमचं शिकवणं चांगलं असंल. पण पोरगी नापास झाली, हे खरं का न्हाई?"

"खरं."

"का झाली?"

"मी तिला कचेरीत कसं वागायचं ते शिकवलं. परीक्षेत कसं वागायचं ते शिकवलं नाही. चूक माझी आहे. हिवाळ्याची परीक्षा तिला देऊ द्या."

"आन् तवा परत तसंच झालं तर?"

"तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

ते बाहेर गॅलरीत गेले. तिथे उभ्या असलेल्या सुलोचनाशी काहीतरी बोलले आणि आत येऊन म्हणाले, "हिवाळ्यापातुर."

अण्णांनीही अट घातली. बाईंनी हिवाळ्याच्या परीक्षेपर्यंत फक्त पुस्तकातून शिकवायचे. बाईंनी ती पाळली. खुर्ची सरळ ठेवून त्या उतारा क्रमांक सांगत आणि घड्याळाकडे बघत. पुस्तकात चूक असली तर तीही तशीच वाचत. सुलोचनाची बोटे अशा जागी अडखळत, आणि बाई म्हणत, "पुस्तकात माशी असेल तर माशीला माशी मार, बाळ. परीक्षा संपेपर्यंत." वर्ग इतका कंटाळवाणा झाला की, बाई, निदान सर्दीवाला साहेब तरी आणा, अशी विनंती आम्ही एकदा केली. बाईंनी पुढचा उतारा क्रमांक सांगितला.

सुलोचना पास झाली. अण्णांनी तिचे नाव जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिले. त्याच आठवड्यात बाईंनी क्लास सोडला. गावी, बेळगावला, भाऊ आजारी आहे असे त्यांनी अण्णांना सांगितले. आम्हाला त्यांनी काही सांगितले नाही. आम्ही संध्याकाळी नेहमीप्रमाणे आलो तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसरे मास्तर होते.

सुलोचनाला फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरी लागली. तिचे वडील पेढे घेऊन क्लासात आले, बाई नाहीत हे त्यांना कळले, आणि ते पुडा तसाच घेऊन परत गेले. अण्णांकडून त्यांनी बेळगावचा पत्ता घेतला. सुलोचना कामावर रुजू होण्याच्या आधी ते सुलोचना आणि तिची धाकटी बहीण शकुंतला अशा दोन्ही मुलींना घेऊन बेळगावला गेले.

तिथे काय झाले ते सुलोचनाने मला नंतर सांगितले. बाईंनी घरातच एक जुने मशीन मांडून तीन मुली शिकवायला घेतल्या होत्या. वडिलांनी पेढे पुढे केले आणि धाकट्या शकुंतलेला पुढे ढकलले. "हिला बी तसंच शिकवा, बाई," ते म्हणाले. "फकस्त परीक्षेचं आदी सांगा."

मुंबईला बाप आणि थोरली मुलगी असे दोघेच परतले. शकुंतला बाईंच्या घरी राहिली.