दुसरं उदाहरण

ब्राह्मणपारा वस्तीतल्या आमच्या मराठी वाचन मंडळात रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका येतात. कोणी काही मत मांडलं की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "एका उदाहरणानं काही सिद्ध होत नाही. दुसरं दे." मी त्यांच्यापासून दूरच बसायची.

त्या रविवारी मला एका कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या आत्मचरित्रावर बोलायचं होतं, तेही इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे अडखळणाऱ्या माझ्या मराठीत. मी म्हटलं, "ती लिहिते, गोऱ्या बायकांच्या चळवळीत रंगामुळे तिला कोणी विचारत नसे, आणि स्वतःच्या समाजाच्या सभेत पुरुष तिला चहा करायला पाठवत."

"दुसरं दे," काका म्हणाले.

मी पुस्तकाची पानं उलटू लागले. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "बेटा, बाकी नंतर. आधी चहाचं पाहून घे."

मी सवयीनं उठलेही.

"बस पोट्टी, दुसरं भेटलं," काका म्हणाले. मग अध्यक्षांना, "ते पोट्टी बोलून राहिली ना अजून? चहा मी पाहतो."

चहात साखर नव्हती. कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "बायांचं पटलं मले. रंगाचं अजून नाही. बोल."

इतकं हलकं मला त्या खोलीत कधीच वाटलं नव्हतं. मी बोलू लागले.