डाव्या खिशातलं काडतूस

पुसेगावच्या पंचक्रोशीत संतरामला आडनावानं कुणी ओळखत नव्हतं. बंदूकवाल्याचं घर म्हटलं की शेंबडं पोरगंही बोट दाखवायचं. आता बंदूकवाला म्हटल्यावर पिळदार मिशांचा, आवाज चढवून बोलणारा कुणी डोळ्यांपुढं येत असेल, तर तो माणूस हा नव्हे. संतराम नाकासमोर चालणारा, ताकही फुंकून पिणारा. त्याची बायको चतुराबाई चारचौघांत सांगायची, की आमच्या ह्यांच्या हातून घरातली पाल मरत न्हाई आन् सरकारनं ह्यांना बंदूक देऊन ठेवली. संतराम ऐकून हसायचा, कारण ते खरंच होतं.

बंदूक बापाची, बारा बोरची दुनळी. पिकाच्या राखणीसाठी बापानं परवाना काढला होता आणि बापामागं तो संतरामच्या नावावर झाला. तिच्यापायी त्यानं जेवढे खेटे घातले तेवढे सोयरिकीसाठीही कुणी घालत नसेल. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करा, उरकली की सोडवून आणा, मुदत संपत आली की हिंगोलीला जाऊन साहेबापुढं उभे राहा. परवान्यावर लिहिल्यापेक्षा काडतूस जास्त निघालं तर गुन्हा. परवाना नसलेल्याच्या हाती भरलेलं काडतूस दिसलं तरी गुन्हा. नियम पाठ असणं आणि नियम पाळणं या आपल्याकडं दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण संतरामच्या बाबतीत तसं नव्हतं. घरातल्या कुणाला तो काडतुसाच्या डब्यांना हात लावू द्यायचा नाही.

डबे दोन होते. एकात बारीक छऱ्याची काडतुसं, आत मोहरीसारखे शेकडो दाणे. ती पाखरं उडवायची, आवाज करायची. दुसऱ्यात एलजी. तिच्यात बोराच्या आठळीएवढे शिशाचे मोजके गोळे असतात, आणि ते लांबवर जाऊनही जीव घेतात. बाहेरून मात्र दोन्ही सारखीच, लाल अंगाची, पितळी बुडाची. अंगावरचं छापील केव्हाच घासून गेलेलं. फरक कळायचा तो तोंडावरच्या गोल पुठ्ठ्यावरून, तिथं काय भरलंय ते लिहिलेलं असायचं. बापानं त्याला एकच गोष्ट घोकून घेतली होती, की बारीक डाव्या खिशात आणि एलजी उजव्या. उजव्या खिशाची पाळी कधी आलीच नाही. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याचा कागद लागतो. तो कागद संतरामला कधी मिळाला नाही आणि त्यानंही त्यासाठी फार धावपळ केली नाही.

डुकरं हाकलायची गावाची एक रीत होती. फटफटायच्या सुमाराला चारसहा गडी पत्र्याचे डबे घेऊन शेताच्या पलीकडच्या बांधावर उभे राहायचे आणि संतराम अलीकडून पिकाच्या शेंड्यांवरून बार काढायचा. बारीक छऱ्याचा जोर शेत ओलांडेपर्यंत संपून जायचा आणि दाणे पलीकडच्यांच्या डोक्यावर वाळूसारखे पडायचे. माणसं उपरणं डोक्यावर धरून हसायची. लखमा तर दरवेळी ओरडायचा, संतरामभाऊनं अक्षता टाकल्या, लागलं आपलं लगीन. लखमा त्याचा बांधाला बांध असलेला शेजारी आणि जिवाचा दोस्त. नळीपुढं माणसं उभी करून बार काढायचा नसतो, हे त्या गावात कुणाला सुचलं नाही. इतक्या वर्षांत कुणाला खरचटलंही नव्हतं ना. जे एकदाही अंगाशी आलं नाही ते कधीच येणार नाही, असं माणसाला वाटतं, आणि माझ्या मते सगळ्या घातांची सुरुवात तिथंच होते.

त्या वर्षी दसऱ्याला चतुराबाईनं पूजा मांडली. विळे, कोयते, पंपाची मोटार, सगळ्यांना हळदीकुंकू झालं. बंदूक पाटावर ठेवली गेली. मग तिनं डबे मागितले.

"मोटारीला कुंकू, विळ्याला कुंकू, मंग ह्यांनीच काय पाप केलं? पीक तर हेच राखतेत."

संतरामनं आधी नाही म्हटलं. मग सणावाराला बायकोशी वाद कशाला म्हणून हसून डबे काढून दिले. आयुष्यभर पाळलेला नियम त्यानं असा मोडला. चतुराबाईनं काडतुसं पाटावर ओळीनं उभी केली, तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट एकेकाच्या तोंडावर टेकवलं आणि वर आपट्याची पानं वाहिली. संध्याकाळी संतराम सोनं वाटायला गावात गेला होता. लेकरंबाळं येतील, हात लावतील, म्हणून तिनंच ती उचलली आणि दोन्ही डब्यांत बराबर वाटून ठेवून दिली. तिला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी कुंकवाखाली वाचायला काही दिसत नव्हतं.

दोन दिवसांनी लखमानं पहाटेच दार वाजवलं. काढणीला आलेल्या त्याच्या मक्यात डुकरं घुसली होती. संतरामनं बारीक छऱ्याच्या डब्यातून मूठभर काडतुसं डाव्या खिशात टाकली. नळीत भरताना त्याला तोंडावर कुंकवाचा तेलकट थर दिसला. अंगठ्यानं पुसावं असं क्षणभर वाटलंही. पण पलीकडून डबे वाजायला लागले होते, आणि डावा खिसा म्हणजे बारीक हे त्याच्या हाताला त्याच्याआधी ठाऊक होतं. त्यानं मक्याच्या तुऱ्यांवरून बार काढला.

पलीकडून हसू आलं नाही. डबे एकेक करून थांबले.

लखमा बांधावर उताणा पडला होता आणि मानेवर दाबलेल्या त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. गड्यांनी त्याला जीपमध्ये घातलं. सेनगावचा दवाखाना यायच्या आतच तो गेला. संतरामला कुणी जीपमध्ये घेतलं नाही. तो तिथंच मक्याच्या कडेला बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं खिशातलं एक काडतूस काढलं आणि तोंडावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. एलजी. दुसरं पुसलं, ते बारीक निघालं. तिसरं परत एलजी. मग त्याला सगळं कळलं. कुणाच्या हातानं हे झालं तेही कळलं.

जीप परत आली तेव्हा तो लखमाच्या दारापर्यंत गेला. आत जायची हिंमत झाली नाही. लखमाची बायको जनकाबाई आणि चतुराबाई एकाच माहेरच्या. लग्नं होऊन एकाच गावात आल्या, एकमेकींची बाळंतपणं केली. जनकाबाई अंगणात पडून टाहो फोडत होती आणि तिला चतुराबाईनं पोटाशी धरलं होतं. तुझं दुःख मला दे बाई, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती. संतरामनं ते ऐकलं आणि जे ठरवायचं ते दारातच ठरवलं. मग तो मागं फिरला, खिशातली काडतुसं उपरण्यानं घासून लख्ख केली आणि बंदूक घेऊन स्वतःच्या पायांनी ठाण्यात गेला.

जमादार त्याला ओळखत होते. दर निवडणुकीला बंदूक सगळ्यांत आधी आणून देणारा माणूस. एलजी नळीत कशी आली, एवढंच त्यांनी विचारलं. संतराम म्हणाला, की मीच भरली, जाणून भरली, डुक्कर मारायचं होतं. घरातल्या डब्यांत उरलेल्या काडतुसांवर कुंकू सापडलं. पूजा कुणी केली, डबे कुणी भरले, तर मीच.

पोरगा बालाजी पुण्याहून धावत आला आणि त्यानं वकील गाठला. वकिलानं समजावून सांगितलं, की चुकून काडतूस बदललं असं म्हणा, म्हणजे निष्काळजीपणा होतो, शिक्षा कमी होते. जाणून एलजी भरली, माणसं समोर असताना बार काढला, असं म्हटलं तर मनुष्यवधावर जातं, वर चोरट्या शिकारीचं कलम लागतं, उरलेलं आयुष्य आत जाईल. संतराम तयार झाला नाही. चुकून म्हटलं की पुढचा प्रश्न कुणाच्या चुकीनं हा होता, आणि त्या प्रश्नाचं एकच उत्तर त्याच्या घरात चुलीपाशी बसलेलं होतं.

गावाला नवल वाटलं आणि मग गावानं ते लवकरच मान्यही केलं. चाळीस वर्षांचा सालसपणा असा आठवड्यात धुऊन निघाला. डुकराच्या मटणासाठी दोस्ताचा जीव घेतला, असं लोक बोलायला लागले. आधीही हा चोरून शिकार करतच असणार, असंही कुणी म्हणालं. अक्षता झेलणारे गडीच त्यात पुढं होते.

चतुराबाई तुरुंगात भेटीला आली ती थेट माघात. बालाजी सोबत होता, पण तिनं त्याला बाहेर बसवलं. ती वाळून गेली होती. तिनं दोन्ही हातांनी मधली जाळी धरली.

"मला झोप न्हाई. डोळा लागला की ते डबे दिसतेत. म्या भरले होते ते. खरं सांगा, तुमी जाणून भरली का माझ्या हातानं गेला त्यो?"

संतरामला वाटलं होतं, हे तिच्या कधी ध्यानात येणार नाही. इथं मात्र तिचा सगळा जीव त्याच्या एका शब्दावर टांगलेला त्याला दिसला. खरं सांगितलं असतं तर ती त्याचीच राहिली असती, दर महिन्याला येऊन रडली असती, आणि परत त्याच गावात जाऊन रोज जनकाबाईचं तोंड पाहत जगली असती. ती फार दिवस जगली नसती, हे त्याला ठाऊक होतं. आयुष्यात तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता तो, आणि नजर वळवली तर ती ओळखील म्हणून त्यानं तिच्याकडं सरळ पाहिलं.

"जाणून भरली. तू ठेवलेली म्या रातच्यालाच नीट लावली व्हती. बारीक बाजूला ठिवून एलजी भरली. डुक्कर पायजे व्हतं मला."

चतुराबाईच्या तोंडावर आधी सुटका दिसली. खांदे उतरले, जाळीवरची बोटं सैल झाली. संतरामनं तेवढं डोळे भरून पाहून घेतलं, कारण त्यासाठीच त्यानं सगळं केलं होतं. मग ती सुटका विरली आणि तिच्या डोळ्यांत त्यानं कधी न पाहिलेलं काहीतरी आलं.

"जनकीला आता सांगते मी," ती म्हणाली. "माजा तुमच्याशी संबंध उरला न्हाई म्हणून."

"सांग," संतराम म्हणाला.

ती गेली ती परत भेटीला आली नाही. बालाजी सांगतो, ती जनकाबाईकडंच राहते, दोघी मिळून लखमाचं शेत करतात, आणि तिला आता झोप लागते.